वाचक विचारतात : युद्धकलेच्या सरावाला केटलबेलची जोड

कराटे, ज्युडो, तायक्वांदो, आयकिडो अशा वेगवेगळ्या युद्धकला शिकणाऱ्या वाचकांकडून केटलबेलविषयी (वर हँडल असलेल्या लोखंडी गोळ्याविषयी) इतकी पत्रे आली आहेत की या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. बहुतेकांची विचारणा एकच आहे : मूळ सरावाला धक्का न लावता हे लोखंड किती आणि कसे वापरावे? उत्तरे देताना मी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती आधीच सांगून टाकतो. तुमचा खरा सराव मॅटवर, डोजोत (सरावगृहात) किंवा आखाड्यात होतो. केटलबेलचा व्यायाम त्या सरावाच्या वाट्याची ताकद खाऊ लागला, तर तो एरवी कितीही चांगला असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही.

प्रश्न : माझे वय ३१ असून मी काही वर्षांपासून गोजू-रयू शैलीचे कराटे शिकतो आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळी डोजोत जातो. बाकी सगळा दिवस संगणकासमोर खुर्चीत जातो. ठोशांत आणि लाथांत जोर यावा म्हणून १६ किलोचे केटलबेल आणले, पण त्याचे व्यायाम शेकड्याने आहेत आणि प्रत्येक जण वेगळेच सांगतो. शिवाय आमचे सेन्सेई (शिक्षक) म्हणतात की वजने उचलली की अंग जड होते आणि हात मंदावतो. मी नेमके काय करावे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सेन्सेईंचा मुद्दा घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. स्नायू फुगवण्याच्या हेतूने सावकाश, दमछाक होईपर्यंत आणि रोज वजने उचलली, तर दुसऱ्या दिवशी डोजोत खांदे आखडलेले असतात आणि ठोसा खरोखरच मंद निघतो. पण वजनांचे वावडे तुमच्या शैलीला मुळीच नाही. गोजू-रयूचे संस्थापक मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी होजो उंदो, म्हणजे पूरक व्यायामाला, शिकवणीत पक्की जागा दिली होती. दांड्याला दगड बसवलेली चि-इशी, बोटांच्या चिमटीत धरून चालायचे निगिरी-गामे हे मातीचे घडे, मुठीत धरता येईल असे दगडी कुलपाच्या आकाराचे इशी-साशी, ही सगळी त्यातलीच साधने आहेत. १९३४ साली हवाईला गेले असता तिथल्या कुस्तीगिरांकडे पाहिलेली लंबवर्तुळाकार लोखंडी कडी त्यांनी ओकिनावात आणून कोंगोकेन म्हणून रुजवली. इशी-साशी आणि केटलबेल यांत फरक आहे तो मुख्यतः वजनाचा आणि धातूचा. तेव्हा सेन्सेईंशी बोलताना ‘वजने उचलू का’ असे विचारण्यापेक्षा ‘होजो उंदोच्या जागी हे चालेल का’ असे विचारून पाहा. संवादाचा सूर बदलेल, आणि प्रश्नही अधिक नेमका होईल.

आता जोराविषयी. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात कण्याचा अभ्यास करणारे स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांचे सहकारी यांनी मिश्र युद्धकलेतील कसलेल्या खेळाडूंचे ठोसे आणि लाथा मोजल्या (२०१०). त्यांना धडाच्या अनेक स्नायूंत दोन ठळक ताण दिसले : पहिला हालचाल सुरू होताना, दुसरा फटका लक्ष्यावर बसताना, आणि या दोहोंच्या मध्ये स्नायू क्षणभर सैल पडलेले होते. वेग येतो तो या मधल्या सैलपणामुळे. जो खेळाडू पहिल्यापासून शेवटपर्यंत आवळलेला राहतो, त्याचा ठोसा दिसायला भयंकर असला तरी पोचतो उशिरा. केटलबेलचा स्विंग तुमच्या कामाचा आहे तो याच कारणाने, कारण त्यातही झटक्यात आवळणे, सोडणे आणि पुन्हा आवळणे हीच लय आहे आणि जोर खांद्यातून न येता खुब्यातून येतो. मात्र स्विंग केल्याने ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) आपोआप सुधारेल, असे मानू नका. स्विंगने इंजिनाची ताकद वाढते. ती मुठीपर्यंत पोचवण्याचे काम किहोनमध्येच, म्हणजे मूलभूत तंत्रांच्या सरावातच, शिकावे लागते.

स्विंग नीट समजून घ्या, कारण दिवसभर खुर्चीत बसणारे लोक तो हमखास बिघडवतात. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवा आणि वजन पावलांच्या पुढे फूटभर अंतरावर ठेवा. नितंब मागे ढकलत खुब्यात घडी पाडा. गुडघे थोडेच वाकतील, पाठ सपाट राहील आणि नजर पाच-सहा फुटांवर जमिनीकडे असेल. दोन्ही हातांनी हँडल धरून वजन पायांमधून मागे न्या. ते गुडघ्यांच्या वरूनच गेले पाहिजे, म्हणजे मनगटांच्या आतल्या बाजू मांड्यांच्या अगदी वरच्या भागाला लागतील. तिथून नितंब आवळून झटक्यात ताठ उभे राहा. हात काही उचलत नाहीत, ते फक्त धरून ठेवतात. वजन छातीच्या उंचीवर येऊन क्षणभर तरंगते. त्या क्षणी गुडघे सरळ, पोट घट्ट आणि काखा खाली ओढलेल्या असाव्यात. सांचिन कातामध्ये (काता म्हणजे एकट्याने करायचा ठरावीक हालचालींचा क्रम) ओटीपोट आणि काखा जशा धरता, तशाच. वर जाताना तोंडाने ‘हस्’ असा तोकडा उच्छ्वास सोडा, खाली येताना नाकाने श्वास घ्या. वजन खाली येण्याची घाई करू नका. हात बरगड्यांना लागेपर्यंत थांबा आणि मगच खुब्यात वाका.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे स्विंगची बैठक होणे. गुडघे खूप वाकतात, वजन गुडघ्यांखाली लोंबते आणि सगळा भार कमरेवर येतो. यावर घरगुती उपाय आहे. भिंतीकडे पाठ करून एका वितीवर उभे राहा आणि गुडघे पुढे न जाऊ देता नितंब भिंतीला टेकवा. जमले की दोन बोटे पुढे सरका आणि पुन्हा टेकवा. ज्या अंतरावर तोल जाऊ लागतो त्याच्या अलीकडची घडी तुमची. दुसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते : नितंब आणि मांड्यांचे मागचे स्नायू दुखले तर काम बरोबर झाले, खांदे दुखले तर तुम्ही वजन हातांनी उचललेत, कंबर दुखली तर वजन बाजूला ठेवून आठवडाभर नुसत्या भिंतीशी सराव करा.

मात्रा किती? दहा-दहाचे दहा सेट, आणि दोन सेटमध्ये एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतकी विश्रांती. हे आठवड्यातून दोनदा पुरे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या लेक आणि लॉडर यांच्या ब्रिटिश अभ्यासात आठवड्यातून दोनदाच, प्रत्येक वेळी १२ मिनिटे, म्हणजे ३० सेकंद स्विंग आणि ३० सेकंद विश्रांती असा व्यायाम सहा आठवडे दिला होता. तेवढ्यावर अर्ध्या बैठकीतले कमाल वजन आणि उडीतली स्फोटक ताकद दोन्ही वाढली. वजनेही १२ आणि १६ किलोचीच होती. तेव्हा रोज पाचशे स्विंग मारणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून स्वतःला कमी लेखू नका.

स्विंगच्या जोडीला दुसरा व्यायाम एकच घ्या, टर्किश गेट-अप. उताणे पडून एका हातात वजन सरळ वर धरायचे आणि ते तसेच ठेवून कोपर, मग तळहात, मग एक गुडघा अशा टप्प्यांनी उभे राहायचे. त्याच मार्गाने परत खाली. पहिले काही दिवस वजनाऐवजी मुठीवर एक बूट ठेवा. बूट पडला की कोणत्या टप्प्यावर मनगट वाकते आणि नजर कुठे सुटते हे लगेच कळते, आणि नाकावर बूट पडणे १६ किलो पडण्यापेक्षा केव्हाही परवडते. जमू लागल्यावर प्रत्येक बाजूला तीन, अगदी सावकाश. खांद्याचा सांधा भाराखाली स्थिर ठेवून बाकीचे शरीर हलवायला शिकवणारा असा दुसरा व्यायाम मला माहीत नाही.

तुमच्या वेळापत्रकात हे मंगळवारी आणि शनिवारी बसेल. गुरुवार आणि रविवार मोकळे सोडा. बेल्टची परीक्षा किंवा स्पर्धा असेल त्या आठवड्यात निम्मे करा. दहावा सेट पहिल्या सेटइतकाच झटकेदार होऊ लागला, आणि हे काही आठवडे टिकले, की २० किलोकडे जा. पूर्वी केटलबेलच्या वजनांत ८ किलोची उडी असे, कारण पूड हे जुने रशियन माप सुमारे १६.३८ किलोचे आणि वजने एक, दीड आणि दोन पुडांची, म्हणून १६, २४, ३२. आता मधली वजनेही मिळतात, तर उगाच उडी घेऊ नका.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. केटलबेल किंवा डंबेल हातात धरून ठोसे मारू नका. वजन जमिनीकडे ओढते आणि ठोसा समोर जातो. त्यामुळे बळकट होतो तो हात वर धरून ठेवणारा खांदा, शिवाय कोपराला दर वेळी हिसका बसतो तो वेगळाच. ठोशाचे वळण ज्या वर्षांच्या सरावाने बसले, ते अशाने बिघडते आणि पुन्हा बसवायला फार वेळ लागतो.

प्रश्न : मी ज्युडोच्या ५२ किलोखालील गटात खेळते. लढतीच्या चौथ्या मिनिटात आणि गोल्डन स्कोअर (बरोबरीनंतरचा जादा वेळ) सुरू झाला की माझी गीवरची (ज्युडोच्या पोशाखावरची) पकड सुटते. एका ओळखीच्या जिम प्रशिक्षकांच्या सल्ल्याने केटलबेलचे स्नॅच (वजन एका हाताने झटक्यात डोक्यावर नेणे) सुरू केले, सलग पाच मिनिटे, रांदोरीच्या (मोकळ्या लढतीच्या सरावाच्या) आधी. आता उजव्या कोपराची आतली बाजू दुखते, आणि वजनगट ओलांडला जाईल अशीही भीती वाटते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्नॅच आजपासून बंद करा. व्यायाम वाईट म्हणून नव्हे, तर तो चुकीच्या वेळी आणि आधीच थकलेल्या स्नायूंवर पडतो म्हणून. बोटे आवळणारे आणि मनगट वाकवणारे स्नायू कोपराच्या आतल्या टोकाला कंडरेने जोडलेले असतात. ज्युडोत ते रोज ताणाखाली असतात. त्यावर प्रत्येक स्नॅचच्या उतरत्या भागात वजनाचा हिसका बसला की ती कंडरा कुरकुरू लागते. दुखणे तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीने कमी झाले नाही, तर फिजिओथेरपिस्टना दाखवा. ‘खेळता खेळता जाईल’ या भरवशावर राहू नका.

सलग स्नॅच ही मुळात एका वेगळ्या खेळाची गोष्ट आहे. सोव्हिएत संघात १९८५ साली ज्या गिरेवॉय स्पोर्टचे नियम एकसारखे झाले आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धाही झाली, त्यात खेळाडू दहा मिनिटे वजन खाली न ठेवता स्नॅच मारतो आणि हात एकदाच बदलतो. ते खेळाडू वर्षानुवर्षे शिकतात ते पकड सैल ठेवायला, बोटांच्या आकड्यात हँडल नुसते अडकवून ठेवायला. तुमची गरज नेमकी उलट आहे. तुम्हाला कापड मुठीत गोळा करून, समोरची मुलगी हिसके देत असताना, ते धरून ठेवायचे आहे. म्हणून स्नॅचमधून मिळणारी पकड लढतीत फारशी उपयोगी पडत नाही आणि तिची किंमत मात्र कोपर मोजते.

कोपर शांत झाल्यावर असे करा. ज्युडोचा जुना पट्टा किंवा फाटक्या गीची बाही केटलबेलच्या हँडलमधून ओवा, दोन्ही टोके मुठीत धरा, पाय पक्के रोवून पुढे झुका आणि वजन पोटाकडे ओढा. वर दोन-तीन सेकंद थांबा. पाच-सहा आवर्तने, तीन सेट, वजन ८ किलोपासून. हे कापड हातात घेऊन स्विंग करणारे लोकही मी पाहिले आहेत, पण शिवण उसवली तर वजन कुठे जाईल याचा विचार त्यांनी केलेला दिसला नाही. सेट झाल्यावर बोटांभोवती जाड रबरबँड घालून ती उघडण्याचा व्यायाम करा. मूठ मिटणारे स्नायू रोज राबतात, उघडणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

पण पकड सुटण्याचे कारण अनेकदा हातात नसतेच. पाय आणि कंबर थकली की खेळाडू प्रतिस्पर्ध्याला हातांनी ओढू लागतो आणि मग हात संपतात. म्हणून तुमचा मुख्य व्यायाम पायांचा असू द्या : १२ किलोने दोन हातांचे स्विंग, छातीशी वजन धरून गॉब्लेट स्क्वॉट, आणि एका पायावरची डेडलिफ्ट. शेवटच्या व्यायामाकडे विशेष लक्ष द्या. उची-माता किंवा हराई-गोशी हे डाव टाकताना तुम्ही प्रतिस्पर्ध्याचा भार घेऊन एकाच पायावर उभ्या असता. इथेही एका पायावर उभे राहून, दुसरा पाय मागे लांबवत, खुब्यात वाकून जमिनीवरचे वजन उचलायचे आहे. टेकलेल्या पायाचा अंगठा जमिनीवरून सुटला की तोल गेला असे समजा आणि तो सेट तिथेच थांबवा. याच्या जोडीला एकाच हातात जड वजन घेऊन, खांदे समपातळीत ठेवत, चाळीस-पन्नास पावले चालणे. बाजूला झुकू न देणारे धडाचे स्नायू त्यात राबतात आणि गी धरून कुणी तुम्हाला खेचत असेल तेव्हा हेच स्नायू कामी येतात.

हे सगळे रांदोरीनंतर किंवा मोकळ्या दिवशी करा, आधी कधीही नको. थकलेल्या पकडीने उची-कोमी (डावाच्या सुरुवातीचा पुन्हा पुन्हा सराव) केली तर चुकीची पकडच अंगवळणी पडते.

वजनगटाची चिंता सोडा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, कमी आवर्तने आणि जेवण आहे तेवढेच, एवढ्याने स्नायूंचा आकार लक्षात येईल इतका वाढत नाही. मात्र नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात आणि काटा थोडा वर जातो. म्हणून स्पर्धेच्या वजनाआधीच्या दहा दिवसांत एकही नवा व्यायाम सुरू करू नका आणि वजनेही वाढवू नका. काटा वर गेला म्हणून पाणी तोडणे हा तर सर्वांत वाईट मार्ग; त्याने पकड आणखी लवकर सुटेल.

प्रश्न : माझे वय ६३. उमेद होती तोवर लाल मातीत घाम गाळला, आता तालमीतल्या पोरांकडून मेहनत करून घेतो. जोर, बैठका, सपाटे, मुदगल, करेला, गदा हे सगळे आपल्याकडे असताना ही परदेशी किटली कशाला हवी? पोरे मोबाइल दाखवून मागे लागली आहेत. आम्हीच मागे राहिलो की काय? – एक वस्ताद, कोल्हापूर

उत्तर : वस्ताद, आपण मागे राहिलेले नाही, आणि पोरांचेही अगदीच चुकत नाही. दोन्ही साधने वेगवेगळी कामे करतात, हे एकदा पाहिले की वाद उरत नाही.

मुदगलाचा भार हातापासून लांब असतो, म्हणून थोड्या किलोंतही तो खांदा, मनगट आणि धड यांची कसोटी पाहतो. पाठीमागून फिरवताना खांद्याचा सांधा पूर्ण गोल फिरतो. करेल्याचे आणि गदेचेही तेच. केटलबेलचा गोळा मुठीच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वजन बरेच जास्त घेता येते आणि काम खांद्यांपेक्षा खुब्याकडे जाते. म्हणजे गोल फिरवण्याच्या व्यायामात केटलबेल मुदगलाची बरोबरी करू शकत नाही आणि खुब्याच्या झटक्यात मुदगल केटलबेलची.

आता तालमीच्या मेहनतीत काय कमी आहे ते पाहू. जोर मारून ढकलण्याची ताकद येते, दोरावर चढून ओढण्याची येते, बैठकांत मांड्या आणि गुडघे तयार होतात. खुब्यात वाकून जड वस्तू जमिनीवरून झटक्यात उचलण्याचे काम मात्र नियमाने, मोजून-मापून होत नाही. जोडीदाराला उचलून फिरणे, पट काढून प्रतिस्पर्ध्याला वर घेणे, यात ते होते, पण जोडीदार जसा मिळेल तसे. तुमची पोरे रोज एकमेकांना उचलून चालत असतील, आखाडा खणत असतील, दगडी नाल उचलत असतील, तर केटलबेलवाचून त्यांचे काहीच अडत नाही. मॅटवरच्या स्पर्धांची तयारी करणारी आणि आखाडा खणायला यंत्र किंवा मजूर लावणारी पोरे असतील, तर २४ किलोची दोन-तीन वजने तालमीत असायला हरकत नाही.

किटलीच्या परदेशीपणाबद्दल म्हणाल, तर तिचा जन्मही काही व्यायामशाळेत झालेला नाही. रशियाच्या बाजारांत धान्य तोलण्याची ही वजने होती. ती उचलून दाखवण्याच्या पैजा लागत आणि पुढे सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ साली हौशी वजन उचलणाऱ्यांचे मंडळ काढले तेव्हा ही वजने रीतसर व्यायामात आली. बाजारातल्या वजनांवर आणि दगडावर ताकद आजमावणे आपल्या गावांनाही अनोळखी नाही.

एक विनंती आहे. पोरांनी शेकड्यांनी बैठका मारल्यावर वर स्विंग चढवू नका. थकलेल्या मांड्या पाठीवर भार टाकतात. आठवड्यातले दोन दिवस बैठका निम्म्या करून त्या जागी स्विंग घ्या आणि ज्या दिवशी लढतींचा सराव जोरात आहे त्या दिवशी दोन्हीही कमी करा. मुदगल मात्र रोज चालू राहू द्या. लढतीनंतर आखडलेल्या खांद्यांना हलके मुदगल जितके मोकळे करतात तितके दुसरे काही करत नाही.

प्रश्न : केटलबेल विकत घेताना काय पाहावे? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर : एकसंध ओतीव लोखंडाचे घ्या. हँडलच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. साच्याची धारदार रेघ लागली तर ते केटलबेल परत करा, कारण स्विंगच्या पन्नासाव्या आवर्तनात तीच रेघ तळहाताची साल काढते. प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली वजने स्वस्त पडतात, पण ती इतकी जाड असतात की डोक्यावर धरताना मनगटावर आदळतात. स्पर्धेच्या पोलादी केटलबेलांचा आकार सर्व वजनांना सारखाच असतो, त्यामुळे वजन वाढवले तरी हाताची सवय बदलत नाही; परवडत असतील तर उत्तम, नाहीतर आवश्यक नाहीत. सुरुवातीला निरोगी पुरुषांना १६ आणि स्त्रियांना ८ ते १२ किलोचे एकच पुरते. हातमोजे नकोत, खडूची पूड पुरे. तिसऱ्या मजल्यावर जाड रबरी मॅट अंथरा आणि वजन दर वेळी हाताने टेकवा, टाकू नका. खालच्यांशी संबंध टिकतील आणि फरशीही. पावसाळ्यात लोखंड पुसून ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत हँडल दोन दिवसांत गंजते.

प्रश्न : वय ४७. आयकिडो करतो. दोन वर्षांपूर्वी कमरेच्या चकतीचा त्रास झाला होता; आता दुखत नाही, पण उकेमी (सुरक्षित पडण्याचे तंत्र) घेताना भीती वाटते. एक मित्र म्हणतो स्विंगने कंबर पक्की होते, दुसरा म्हणतो त्यानेच जाते. – एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. वर उल्लेख केलेल्या मॅकगिल यांनी ली मार्शल यांच्यासह २०१२ साली स्विंगमध्ये कण्यावर पडणारा भार मोजला. स्विंगमध्ये मणक्यांवरचा दाब फार मोठा नसतो, पण त्याच्या तुलनेत एक मणका दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा कातरभार जास्त असतो आणि त्याची दिशा नेहमीच्या उचलण्यापेक्षा उलटी असते. त्यामुळे काहींना स्विंगने बरे वाटते आणि काहींना, एरवी जड वजने सोसणाऱ्यांनाही, तो सोसत नाही, असा त्यांचा अंदाज आहे. तुम्ही कोणत्या गटात आहात हे मित्र सांगू शकत नाहीत. ज्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी तुमची चकती पाहिली आहे, त्यांना विचारल्यावाचून स्विंग सुरू करू नका.

त्यांनी परवानगी दिली तरी सुरुवात स्विंगने नको. पहिले काही आठवडे उताणे पडून नितंब उचलण्याचा व्यायाम आणि एका हातात ८ किलो घेऊन ताठ चालणे, एवढेच. मग वजन दोन घट्ट पाटांवर किंवा विटांवर ठेवून, म्हणजे कमी अंतरावरून, सावकाश डेडलिफ्ट. ती जमिनीवरून विनातक्रार होऊ लागली की मग पाच-पाचचे हलके स्विंग. व्यायाम सकाळी उठल्याउठल्या करू नका; रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकणे त्या वेळी सर्वांत जास्त जाचते. उठल्यावर किमान तासभर जाऊ द्या. कमरेत थकवा जाणवणे चालेल. पण वेदना नितंबातून पायात उतरली, मुंग्या आल्या किंवा पाऊल उचलायला जड वाटले, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना भेटा. लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडले किंवा जांघेभोवती बधिरपणा आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

उकेमीची भीती मात्र लोखंडाने जाणार नाही. ती तातामीवर (सरावाच्या चटईवर), बसून घेतलेल्या मागच्या उकेमीपासून पुन्हा सुरुवात करूनच जाईल, आणि तिथे तुमच्या शिक्षकांचा शब्द माझ्यापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा तायक्वांदो शिकतो आणि केटलबेल मागतो. उंची खुंटते म्हणतात, ते खरे का? – एक आई, रत्नागिरी

उत्तर : खरे नाही. जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटत नाही, असेच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीसारख्या संस्थांचे मत आहे. मुलांना इजा होते ती बहुधा देखरेख नसताना, पैज लावून किंवा वजन पायावर पडून. त्याला आधी वीस नीट बैठका, दहा नीट जोर आणि कवायतीच्या काठीने खुब्यातून वाकणे जमू द्या : काठी पाठीवर उभी धरायची, डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवून वाकायचे. जमले की ४ किंवा ६ किलोच्या वजनाने गॉब्लेट स्क्वॉट आणि डेडलिफ्ट चालेल. स्विंग त्याचे प्रशिक्षक समोर उभे असतानाच, आणि धाकटे भावंड घरात असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत बसवून.